टेलर्सचं पोर्ट तळघर, पोर्तो : चढ आहे पण जाच

आधीच सांगते, मी वाईनवाली नाही. आमची तासगावला द्राक्षबाग आहे, आजोबांपासून, आणि तरी घरात वाईन कधी आली नाही. आली ती फक्त गोव्याची पोर्ट, म्हणजे गोड, कडक वाईन, मावशी दर ट्रिपला एक बाटली आणायची आणि ती कपाटात खोकल्याच्या औषधाशेजारी असायची, अशक्तपणाला, थंडीला एखादं बूच. चव म्हणाल तर साखरेच्या पाकात जांभळा रंग आणि वर घशाला चटका. त्यामुळे गोड वाईन म्हणजे ज्याला वाईन कळत नाही त्याची वाईन हे माझ्या डोक्यात फिट्ट बसलेलं, आणि इकडे नेदरलँड्सला आल्यावर ऑफिसातल्या शहाण्यांनी त्यात भरच घातली.

मे महिन्यात बाबा आले. एप्रिल छाटणी उरकल्यावरच, नाहीतर ते हलत नाहीत. म्हटलं चला, द्राक्षाच्या माणसाला द्राक्षाच्या गावाला नेऊ. पोर्तुगालातल्या पोर्तोला चार दिवस.

पहिल्या दिवशी चूक केली. पोर्ट वाईनची बहुतेक जुनी तळघरं पोर्तोत नाहीत, नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गायात आहेत, दोम लुईश पूल ओलांडला की समोर पाट्याच पाट्या. नदीकाठच्याच एका तळघराचं तिकीट काढलं (नाव नाही घेत), चाळीसेक जणांचा घोळका, गाईड बाई पळतच होती, शेवटी तीन इवलेसे ग्लास आणि तिन्ही कोमट. बाबांना बसायला खुर्चीपण नाही. एक घोट घेतला आणि म्हणाले, "अगं ह्ये तुझ्या मावशीचंच औषध की." मला तर तिथंच पटलं की आपलं मत बरोबर होतं, विषय संपला.

पण दुसऱ्या दिवशी ट्रेनने पिन्यावला, म्हणजे जिथे ही द्राक्षं पिकतात त्या भागात गेलो आणि तिथं बाबा बदलले. ट्रेन डोरो नदीच्या काठाकाठाने जाते, डावी-उजवीकडे डोंगर कापून केलेल्या पायऱ्या आणि त्यावर वेली. बाबा स्टेशनच्या निळ्या टाइल्सवरची द्राक्षतोडणीची चित्रं दहा मिनिटं बघत बसले, मग रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून माती उकरायला लागले तर माती नाहीच, पाटीच्या दगडासारखे चपटे तुकडे. वेलीची मुळं त्या दगडाच्या फटीतून खोल जातात पाण्यासाठी. मी फोनवर बघून सांगितलं की इथे कायद्यानेच पीक मर्यादित आहे, हेक्टरी 55 हेक्टोलिटर (5500 लिटर) रस, म्हणजे एकरी साधारण तीन टन द्राक्ष. बाबा म्हणाले, "तीन टनात औषधाचा खर्च तरी निघतुया का ह्यांचा?" मग जरा वेळाने, "बारका घड, जाड साल, कमी पाणी. शुगर बेकार चढत असणार." बरोबर ओळखलं.

तर तिसऱ्या दिवशी टेलर्स, पोर्ट करणारी जुनी कंपनी, तिचं तळघर. नदीवरून वर जायला अरुंद दगडी गल्ल्यांचा दमछाक करणारा चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सी करा, आम्ही हट्टाने चाललो आणि बाबा तीनदा थांबले. पण वर गेलं की गर्दी निम्मी. इथे गाईड नाही, कानाला लावायचं ऑडिओ यंत्र देतात आणि आपल्या गतीने फिरायचं. मराठी नाही अर्थातच, मी ऐकून बाबांना सांगत होते, आणि खरं सांगू का, सांगता सांगताच मला पहिल्यांदा कळलं की ही वाईन गोड का असते.

साखर घालत नाहीत हो! मला आयुष्यभर वाटायचं साखर घालतात. द्राक्षं तुडवून रस आंबायला ठेवतात, काही ठिकाणी अजून ग्रॅनाइटच्या हौदात पायाने तुडवतात, आणि दोन-तीन दिवसांत साधारण निम्मी साखर दारू होऊन गेली की त्यात 77 टक्क्यांचं द्राक्षाचंच स्पिरिट ओततात, चार भाग रसाला जवळपास एक भाग. यीस्ट जागच्या जागी मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणजे ती गोडी द्राक्षाची स्वतःची. अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास आणि लिटरला शंभरेक ग्रॅम साखर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आंबताना मधीच गळा दाबला." अगदी!

इतिहास पण भरपूर ऐकवतात. इंग्रजांचं फ्रान्सशी वाजलं, तिकडची वाईन बंद झाली, मग पोर्तुगालकडून घ्यायला लागले, 1703 चा करार, बोटीवर वाईन टिकावी म्हणून स्पिरिट, वगैरे. टेलर्स स्वतः 1692 ची. मला आवडलेली गोष्ट म्हणजे डोरोच्या या भागाची हद्द 1756 मध्येच सरकारने आखून दिली, की या हद्दीतल्या द्राक्षाचीच पोर्ट. आपल्या गोव्याच्या बाटलीवर पोर्ट लिहिलेलं असतं, पण ते नाव तेवढं पोर्तुगीज काळातून आलेलं, आतली वस्तू वेगळी. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं, चव. तिकिटात दोन ग्लास येतात, बागेत बसून प्यायचे. एक चिप ड्राय, ही पांढरी आणि गोड नसलेली पोर्ट, यांनी 1934 मध्ये काढली. नुसती मला काही खास वाटली नाही, पण पोर्तोत लोक पांढरी पोर्ट टॉनिक, बर्फ, लिंबाची चकती घालून पितात, त्याच्यासोबत खारवलेले बदाम, ते मात्र उन्हात भारी लागतं. दुसरा ग्लास एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज), म्हणजे एकाच वर्षाची द्राक्षं, मोठ्या लाकडी पिंपात चार ते सहा वर्षं ठेवून मग बाटलीत. पिंप मोठं असलं की वाईनला हवा कमी लागते, म्हणून रंग काळा-जांभळा राहतो आणि फळ ताजं लागतं, मला करवंदाची आठवण आली, बाबांना जांभळाची. चांगली आहे, डार्क चॉकलेटबरोबर तर फारच, पण अजूनही मी "बरी आहे" च्याच गावात होते.

मग बाबा म्हणाले अजून एक सांग काहीतरी, आलोय तर. जादा पैसे देऊन 10 वर्षांची टॉनी घेतली. आणि इथे माझं मत बदललं.

टॉनी छोट्या पिंपात ठेवतात, साडेपाचशे-सहाशे लिटरच्या, लाकडातून हळूहळू हवा लागत राहते, वर्षानुवर्षं, रंग उडत उडत विटकरी होतो आणि फळाची चव जाऊन सुकामेवा येतो. बाबांनी वास घेतला, गप्प झाले, परत घेतला. "काकवी. न्हाई, काकवी आणि खारीक. आणि आपल्या शेडमधला बेदाणा, पंधराव्या दिवसाचा." मी आजवर कुठल्या वाईनवाल्याकडून इतकं अचूक वर्णन ऐकलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे ती थंड होती! पहिल्या दिवशी कोमट प्यायलो तेव्हा नुसती गोडी आणि दारू अंगावर आली होती, इथे 12-14 अंशाला दिली तर तीच गोडी आटोक्यात, शेवटी हलका आंबटपणा, जीभ चिकट होत नाही. ग्लास पण साधा वाईनचा, त्यात थोडीशीच, म्हणजे वास घ्यायला जागा राहते. त्या बाहुलीच्या भातुकलीतल्या ग्लासात कधी घेऊ नका.

बाटलीवरच्या 10 चा अर्थ आतला थेंबन् थेंब दहा वर्षांचा असा नाही, जुन्या-नव्या पिंपांची मिसळ करून त्या वयाची चव आणतात, आणि सरकारी संस्थेचे चाखणारे ती मंजूर करतात. 20 वर्षांची पण घेऊन बघितली, ती अजून तलम, अक्रोडासारखी, पण किंमत साधारण दुप्पट आणि आनंद काही दुप्पट नाही, त्यामुळे माझं मत 10 वरच थांबा. व्हिंटेजच्या, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांच्या पोर्टच्या, नादाला तर सुरुवातीला लागूच नका, महाग, बाटलीत वर्षानुवर्षं ठेवायची, गाळून घ्यायची आणि उघडली की दोन दिवसांत संपवायची. टॉनीचं तसं काही नाही, फ्रीजमध्ये काही आठवडे आरामात राहते, रोज जेवणानंतर दोन घोट.

तक्रार एकच, ऑडिओ लांब आहे, मालक घराण्याचं कौतुक दोन-तीन ठिकाणी पुढे ढकललं तरी चालतं. आणि खायला चीज देतात ते ठीक, पण आम्ही पिशवीतली तिळाची चिक्की काढली. टॉनी आणि तिळाची चिक्की. करून बघा. नाताळात गोव्याहून कोणी बेबिंका आणली तर त्याच्यासोबत पण जमणार, माझी पैज. श्रीखंड, गुलाबजाम वगैरेच्या वाटेला जाऊ नका, पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन पाणचट लागते.

बाबा जाताना एक बाटली घेऊन गेले, दोन लिटरची मर्यादा असते त्यात बसते, उपरण्यात गुंडाळून बॅगेत. मी त्यांना स्पेनच्या पेद्रो हिमेनेझ शेरी या गोड वाईनबद्दल सांगून ठेवलंय, तिच्यासाठी द्राक्षं आधी उन्हात चटयांवर वाळवतात, साखर लिटरला 400 ग्रॅमच्या वर सुद्धा जाते. फोनवर पहिला प्रश्न आला, "उन्हात? मग काळा पडत असंल की बेदाणा." मी हो म्हटलं. म्हणाले, पुढच्या वर्षी छाटणी झाली की तिकडं.