दोंग कीचं अक्रोडी टेबल: चौदा महिन्यांनंतर

हनोईत राहायला आल्यापासून लिहायला एक नीट टेबल हवं होतं. सागाच्या आणि शिसवीच्या घरात वाढलेल्या माणसाचं मन दुकानातल्या भुशाच्या बोर्डावर रमत नाही. शेवटी शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या दोंग की गावात गेलो. गाव सुतारांचंच. पुढच्या खोलीत दुकान, मागे कारखाना, आणि दिवसभर रंध्याचा आवाज. शिंपले जडवलेल्या, चिनी धाटणीच्या भारदस्त खुर्च्या तिथे जास्त, पण पंधराव्या लुईच्या काळातलं वळणदार पायांचं फ्रेंच फर्निचर करणारेही आहेत. व्हिएतनामला ही वळणं नवी नाहीत. दक्षिणेत थू झाऊ मोतला फ्रेंचांनी १९०१ सालीच लाकूडकामासारख्या कलांची शाळा काढली होती.

मिस्त्रींनी आधी त्राक दाखवलं. ते इथलं शिसव, तांबूस आणि देखणं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१३ पासून निर्बंध आहेत, म्हणून मी अमेरिकेतून आलेलं अक्रोड निवडलं. साडेतीन कोटी डोंग, म्हणजे एक लाख रुपयांच्या वर पडलं.

जानेवारीत टेबल घरी आलं आणि फेब्रुवारीत 'नोम' सुरू झाला. समुद्रावरची ओली, उबदार हवा थंड फरशीला लागते आणि फरशी, भिंती, आरसे सगळ्यांना घाम फुटतो. टेबलाची खरी परीक्षा तीच.

माथा खालच्या चौकटीला चिकटवलेला नाही. लाकडी गुटक्यांनी धरलाय, आणि गुटक्यांना खाचेत सरकायला जागा ठेवलीय. लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. मार्चमध्ये पट्टी लावून पाहिलं तर रुंदी तीनेक मिलिमीटर वाढली होती, पण कुठे चीर नाही की पीळ नाही. पाय आणि चौकट यांत एकही स्क्रू नाही. चौकटीच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, आणि पायाला खाच. या सांध्याला इथे 'मोंग' म्हणतात. गावोगावचे जुने लाकडी 'दिन्ह', म्हणजे ग्रामदैवताची सभागृहं, असल्याच सांध्यांवर उभे आहेत. आकार फ्रेंच असला तरी टेबलाचा सांगाडा इथलाच आहे, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

उजवा ड्रॉवर मात्र मार्चमध्ये घट्ट अडकला. चिडून मिस्त्रींना बोलावलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, मी त्यांना 'बाक' म्हणतो, आपल्या काकांसारखं. त्यांनी ड्रॉवरवरून हात फिरवला आणि रंधा पिशवीतून काढलाच नाही. "आत्ता तासलं तर हिवाळ्यात खडखडेल," म्हणाले. ऑक्टोबरात, हवा ना ओली ना कोरडी अशा दिवसांत पुन्हा आले आणि पातळशी एकच साल काढली. आता दुसरा नोम चालू आहे. ड्रॉवर किंचित जड लागतो, पण उघडतो.

तक्रारी आहेत. पुढच्या दोन पायांवरची कोरीव पानं पटाशीने साफ केलेली, बोट फिरवलं की कडा जाणवते. मागच्या पायांवर मशीनने कोरलेलं तसंच सोडलंय, आणि भाव ठरवताना हे सांगितलं नव्हतं. वर पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, जाड पॉलिश मारलंय. एका कोपऱ्याला ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही. पितळी मुठी नुसत्या मुलाम्याच्या निघाल्या, सहा महिन्यांत काळवंडल्या. खिडकीकडची बाजू उन्हाने मधाच्या रंगावर गेलीय. अक्रोड उन्हात फिकटच होतं, तो दोष कारागिराचा नाही, जागा मी चुकीची निवडली.

गेल्या आठवड्यात त्याच बाकांकडे दोन खुर्च्या सांगून आलो. या वेळी लाखेचं पॉलिश, भरीव पितळ, आणि मागचे पायही पटाशीनेच साफ करायचे, असं कागदावर लिहून घेतलं.