जुन्या पद्मिनीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: आठ महिन्यांचा अनुभव

वडिलांनी घेतलेली १९८८ची प्रीमियर पद्मिनी कोल्हापुरात आमच्या दारात आजही उभी आहे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा रस्त्यावरही येते. गेल्या जूनमध्ये मी तिच्या डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या भागातले, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला) काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवला. तेव्हापासून गाडी २६०० किलोमीटर चालली आहे. संचाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण एकाच बनावटीचा भाग निरनिराळ्या खोक्यांतून विकला जातो. ज्या दुखण्यासाठी मी हा संच घेतला, ते त्याने बरे केले नाही. ते नेमके कुठे आहे, हे मात्र त्याच्यामुळे सापडले.

दुखणे असे होते. सकाळी थंड गाडी चोक ओढला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सुरू व्हायची. पण बाजारात वीस मिनिटे थांबून परत निघायचे म्हटले की सेल्फ जड आवाजात फिरायचा, इंजिन पकडायचे नाही, आणि शेवटी दोघांना बोलावून धक्का मारावा लागायचा. धक्क्याला मात्र ती लगेच सुरू व्हायची. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री दर वेळी पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेज लावून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवायचे आणि "आता बघायला नको, सर," म्हणायचे. तीन-चार आठवडे खरोखरच बघावे लागत नसे. यात त्यांचा दोष नव्हता. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, अंतर कमी होते, त्याबरोबर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. त्यात हल्ली मिळणारे कंडेन्सर इतके बेभरवशाचे आहेत, की नव्या पॉइंटवरही थोड्याच दिवसांत एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसू लागतो. त्यामुळे संशय पॉइंटवर जाणे साहजिक होते.

संच बसवायला दीड तास लागला. कॅमवर चुंबकांची कडी बसते, पॉइंटच्या जागी सेन्सरची पट्टी एका स्क्रूने आवळली जाते आणि दोन वायरी बाहेर येतात: लाल कॉइलच्या (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीपुरता वाढवणारा भाग) धन टोकाला, काळी ऋण टोकाला. त्याआधी कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजणे आवश्यक आहे, कारण रोध फार कमी असेल तर जास्त वीज वाहून सेन्सरचे मॉड्यूल तापते. माझ्या कॉइलचा रोध ३.२ ओहम भरला, तेव्हा चिंता मिटली. पहिल्या तीन आठवड्यांत गाडीने मला अगदी खूश केले. सिग्नलला उभी असताना इंजिन पूर्वी अधूनमधून उसासा टाकल्यासारखे करायचे, ते बंद झाले आणि गिअर न बदलता कमी वेगातून उचल घेणेही सुधारले.

जुलैमधल्या एका संध्याकाळी भर पावसात, गरम इंजिनावर, तोच जड आवाज पुन्हा ऐकू आला. या वेळी एक गोष्ट नवी होती. किल्ली फिरवून धरली असेपर्यंत इंजिन एकदाही फुटत नसे; किल्ली सोडली, की त्याच क्षणी, सेल्फ थांबता थांबता, एक ठोका पडायचा. तीन वेळा करून पाहिले, तीनही वेळा तेच झाले. सेल्फ वीज ओढत असताना ठिणगी नाही आणि सेल्फने वीज सोडताच ठिणगी, याचा अर्थ सेल्फ फिरताना कॉइलपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नव्हते. धक्का मारल्यावर गाडी का सुरू व्हायची, हेही तेव्हाच उलगडले: धक्क्याच्या वेळी सेल्फ काहीच ओढत नाही. ही खूण दोन वर्षे डोळ्यांसमोर होती आणि मी पॉइंट घासून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी इंजिन तापवून मल्टिमीटर लावला. डिस्ट्रिब्युटरची लाल वायर सोडवून ठेवली, म्हणजे गाडी सुरू न होता सेल्फ फिरत राहतो, आणि मुलाला किल्लीवर बसवले. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. सेल्फ फिरताना तिच्याच टोकांवर १०.४ भरले, म्हणजे बॅटरी ठीक होती. कॉइलचे धन टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मात्र केवळ ७.६ व्होल्ट होते. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी थेट ब्लॉकवर टेकवली. तिथे शून्याच्या जवळपास, फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा होता, दिसले १.९. एवढा दाब एकट्या अर्थिंगमध्ये, म्हणजे इंजिनाकडून बॅटरीकडे वीज परत जाण्याच्या वाटेत, वाया जात होता. उरलेला ०.९ व्होल्ट इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कांत आणि जुन्या वायरीत जात होता.

गाडीखाली शिरून पाहिले. बॉडीला गिअरबॉक्सशी जोडणारी तांब्याची वेणी वरून धड दिसत होती, पण बोल्टजवळच्या लगमध्ये (केबलच्या टोकाचे धातूचे कडे) हिरवी पडून पिठासारखी झाली होती आणि कधीतरी गाडी रंगवताना लगखालच्या पत्र्यावरही रंग गेला होता. जाड केबल दोन्ही टोकांना लग दाबून नवी करून घेतली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, आवळल्यावर वरून ग्रीस लावले. खर्च ४५० रुपये. घट ०.२ व्होल्टवर आली आणि सेल्फचा आवाजच बदलला. नंतर कॉइलला थेट बॅटरीकडून रिलेमार्फत (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) पुरवठा दिला. आता सेल्फ फिरताना कॉइलवर ९.९ व्होल्ट मिळतात. तेव्हापासून गरम गाडीला एकदाही धक्का मारावा लागलेला नाही.

येथे संचाविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पॉइंट हा साधा स्विच आहे. व्होल्टेज कितीही पडले तरी तो उघडतो-मिटतो आणि अशक्त, पिवळी का होईना, ठिणगी पाडतो. मॉड्यूलला मात्र किमान व्होल्टेज लागते; त्याखाली ते काम करणेच थांबवते. म्हणजे पॉइंट अर्थिंगचा दोष झाकून घेत होते. ज्यांच्या गाडीत अर्थिंग खराब आहे, त्यांना ३८०० रुपयांचा संच बसवल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट सुरू होते असाच अनुभव येईल आणि ते संचाला शिव्या देतील.

ऑगस्टमधला सकाळचा त्रास वेगळा होता. रात्रभर पाऊस पडला की गाडी फुरफुरायची, पण सेल्फ जोरात फिरायचा. पहाटे अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारायला लावला, तर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर मधल्या टोकापासून कडेपर्यंत केसाएवढी निळी रेघ सळसळत जाताना दिसली. कॅपवर कार्बनचा माग तयार झाला होता आणि ओलाव्याने वीज तिथून पळत होती. याला पॉइंट काय आणि इलेक्ट्रॉनिक काय, उपाय एकच, नवी कॅप. पुण्यात नाना पेठेतून दोन आणल्या. त्यांपैकी एकीतले पितळी संपर्क हाताने हलत होते. मुंबईत या गाडीच्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. टॅक्सीवाल्यांच्या खपामुळे चांगला माल फिरत राहायचा, हे आता दुकानात उभे राहिल्यावर जाणवते.

जुन्या तांब्याच्या तारेच्या प्लग वायरीही बदलाव्या लागल्या. त्यांच्यातून निघणाऱ्या लहरींनी सेन्सर गोंधळतो. साठच्या वेगाला इंजिन मध्येच एक ठोका चुकवायचे, ते कार्बन वायरी घातल्यावर थांबले. ही सूचना माहितीपत्रकात बारीक अक्षरात होती आणि मी ती नंतर वाचली.

गैरसोयी दोन आहेत. पूर्वी बारा व्होल्टचा छोटा दिवा लावून इंजिन बंद असताना टायमिंग लावता येत होते; आता टायमिंग लाइट लागते. शिवाय इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू ठेवणे मॉड्यूलला धोक्याचे आहे. एकदा मुलगा गाणी ऐकत दहा मिनिटे तसाच बसला, तेव्हा कॉइलला हात लाववत नव्हता, निभावले, एवढेच. मायलेज वाढते असे खोक्यावर छापले आहे, पण माझ्या वहीत आधी १२.८ आणि आता १३.१ आहे. तेवढा फरक रस्त्यानेही पडतो.

नोव्हेंबरमध्ये आंबा घाटात गाडी बंद पडली तेव्हा पहिला संशय अर्थातच संचावर आला. प्लग काढून ब्लॉकला टेकवला, तर ठिणगी निळी आणि कडकडीत होती. दोष पेट्रोलच्या बाजूला, पंपाकडे येणाऱ्या चिरलेल्या रबरी नळीत निघाला. तरीही डिकीत पॉइंट आणि कंडेन्सर, अंतर लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले आहेत. घरी सराव म्हणून बदलून पाहिले, पंचवीस मिनिटे लागली.

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला थोडा खेळ आहे, तो बोटाने हलवला की कळतो. बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) बदलून घेण्यासाठी मार्चमध्ये डिस्ट्रिब्युटर मिस्त्रींकडे द्यायचा आहे. त्यांनी मल्टिमीटरही घेऊन यायला सांगितले आहे, कारण त्यांच्याकडच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीलाही गरम झाल्यावर धक्का मारावा लागतो.