लेबलवर पर्सिमिलिस, बाटलीत भलताच: परभक्षी कोळ्याचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी कृषी महाविद्यालयातल्या सरांचा फोन आला. "तुमचा नमुना बघितला. हा पर्सिमिलिस नाही." पर्सिमिलिस म्हणजे पिकावरचा लाल कोळी खाणारा परभक्षी कोळी, तो बाटलीत विकत मिळतो. सात महिने, पाच बाटल्या, बाटलीला २,४०० रुपये, कुरिअर वेगळं. आणि लेबलवर ठळक छापलेलं नाव निघालं दुसऱ्याच प्राण्याचं. त्या रात्री लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य "कोणीही घेऊ नका" असं होतं. ते खोडलंय. राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मावळात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, डच गुलाब. लाल कोळी काय करतो हे गुलाबवाल्यांना सांगायला नको. मीही आलटूनपालटून सगळी कोळीनाशकं मारून झालो होतो. या लाल कोळ्याने, म्हणजे दोनठिपकी कोळ्याने, जगभरात ९० हून जास्त कीटकनाशक-घटकांना दाद न देण्याची ताकद कमावली आहे, त्यातले आठ-दहा तरी माझ्याच पैशांनी कमावलेत असं वाटायचं. म्हणून ऑक्टोबरअखेर पहिली बाटली मागवली.

बाटलीत व्हर्मिक्युलाइट (हलक्या खनिजाचा भुसा), त्यात म्हणे दोन हजार कोळी. पानांवर भुरभुरायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड. पहिले तीन आठवडे काहीच दिसेना. कामावरचा दादा रोज विचारायचा, "तुमच्या किड्यांनी काय केलं?" मी म्हणायचो, बघू. वीसपटीचं भिंग आणलं आणि शेवटी खूण सापडली ती अंड्यांची. लाल कोळ्याचं अंडं गोल, बारीक मण्यासारखं. परभक्षीचं लांबट, जरा मोठं, पानाच्या शिरेजवळ. नवीन माणसाने कोळी शोधू नये, लांबट अंडी शोधावीत. कोळी पळतो, अंडं पळत नाही.

डिसेंबरात लांबट अंडी वाढत गेली आणि जानेवारीअखेर खालच्या पानांवरची लाल कोळ्याची जाळी जवळजवळ गेली. व्हॅलेंटाइनच्या काढणीला कोळ्याची फवारणी दोनदाच केली, एरवी आठवड्याला एक व्हायची. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मार्चमध्ये मी दोन दिवस गावाला, आणि दादाने फुलकिड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशक मारलं. परभक्षी साफ, लाल कोळी मजेत. दोष बाटलीचा नाही. लागोपाठ दोन बाटल्यांचा खर्च मात्र माझा.

यातली दुसरी, म्हणजे हिशोबातली पाचवी, एप्रिलच्या एका शुक्रवारी निघाली आणि सोमवारी पोचली. दोन दिवस कुठल्या तरी गोदामात भाजत पडली होती. उघडली तर कुबट वास, भिंगाखाली एक पाय हलेल तर शपथ. विक्रेत्याला फोन लावला.

"सर, ते झोपलेले असतात. सावलीत ठेवा, उठतील."

"झोपलेले नाहीत हो, मेलेत."

"मग सर, व्हिडिओ पाठवा."

अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी हलत नाही याचा व्हिडिओ! पाठवला. उत्तर आलं, "स्पष्ट दिसत नाही." इथे माझं डोकं फिरलं. बाटलीबद्दल जे जे वाचता येईल ते वाचून काढलं आणि त्या रागातच लेबलची शंका आली. पर्सिमिलिसची मादी म्हणे भडक नारिंगी-लाल, पेरूसारखी फुगीर, लांब पायांची. माझ्या पानांवरचे कोळी फिकट, पोट भरल्यावर जेमतेम नारिंगी झाक, आणि अंगाने चपटे. पॉलिहाऊसमधले वीसेक कोळी अल्कोहोलच्या कुपीत घालून महाविद्यालयात दिले.

आता शरीररचना, कारण सगळा वाद तिच्यावरच आहे. या प्राण्याला डोळे नाहीत. मिशा नाहीत. पाय आठ, पण पुढची जोडी चालायला कमी आणि चाचपायला जास्त. लाल कोळ्याला निदान डोळ्यांचे तांबडे ठिपके असतात. त्याला खाणारा मात्र आंधळा, वासावर चालतो. कोळी लागलेलं झाड स्वतःच वेगळा वास सोडतं आणि हा त्या दिशेने जातो. लाल कोळ्याच्या तोंडात सुया, पान टोचून शोषायला. याच्या तोंडात चिमटे, भक्ष्य धरून पिळायला. नराच्या चिमट्यावर शुक्राणू देण्याचा एक काटाही असतो. निसर्गाने पान्हा आणि नळी एकाच अवजारात बसवली आहे. श्वासाची छिद्रं मागच्या पायांच्या मुळाशी, तिथून पुढे जाणारी नळी. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय, दोन नंतर येतात.

पण ओळख पटते ती केसांवरून. पाठीवर एक ढाल, तिच्यावर केसांच्या जोड्या. फायटोसेइडी, म्हणजे या परभक्षी कोळ्यांच्या कुळात त्या जास्तीत जास्त २४. कोणती जोडी आहे, कोणती नाही, कोणती लांब, कोणती दातेरी, यावर जात ठरते. उलटं केलं की पोटावरची ढाल. पर्सिमिलिसमध्ये ती अगदी छोटी. माझ्या कोळ्यात चांगली मोठी, गुदद्वाराच्या पुढे केसांच्या तीन जोड्या. सरांनी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली लावून दाखवली तेव्हा मी तीन वेळा मोजलं. पाठीवरचे केस एवढे लांब की एकाचं टोक पुढच्याच्या मुळापलीकडे जातं. हे केस म्हणे जाळीचे चिकट धागे अंगापासून दूर ठेवतात. नावही त्यावरूनच: निओसेय्युलस लाँजिस्पायनस, लांब काट्यांचा.

आणि मग नकाशा. पर्सिमिलिसचं शास्त्रीय वर्णन झालं १९५७ मध्ये, अल्जीरियातल्या नमुन्यांवरून. पुढच्याच वर्षी तो जर्मनीत सापडला, चिलीहून आलेल्या ऑर्किडवर. भूमध्य समुद्राकाठचा आणि चिलीचा हा प्राणी तिथून युरोपच्या काचघरांत शिरला आणि काकडीवाल्यांनी जगभर नेला. त्याला ओलावा हवा, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेलं की तो ढेपाळतो. लाँजिस्पायनसचं वर्णन इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये केलं, जावा बेटावरच्या नमुन्यांवरून. तो आपल्याच बाजूचा: इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, फिलिपिन्स, तैवान, चीन, ऑस्ट्रेलिया आणि भारत. ईशान्येच्या चहाच्या मळ्यांत तो लाल कोळी खातो.

इथे माझं मत फिरलं. एप्रिलमध्ये दुपारी पॉलिहाऊसमध्ये ३८ अंश असताना फॉगरखालच्या (धुक्यासारखं पाणी उडवणाऱ्या नळीखालच्या) पानांवर लांबट अंडी दिसत होती. मी तेव्हा विक्रेत्याचं कौतुक केलं होतं, काय टिकाऊ माल आहे म्हणून. खरा पर्सिमिलिस आला असता तर फेब्रुवारीनंतर त्याने अंग टाकलं असतं. म्हणजे फसवणूक झाली ती माझ्या फायद्याचीच झाली. या परीक्षणातले तारे वाढवून पाचपैकी चार केले.

चार टिकले दोनच दिवस. आईची घरामागे पाच वांगी आहेत. तिला फवारणीचा तिटकारा, "पोटात जातं ते" म्हणते. उन्हाळ्यात वांग्यांवर लाल कोळी येतो आणि कसा कोण जाणे आपोआप जातो. भिंग खिशात होतंच, सहज एक पान उलटं केलं. लांबट अंडी. फिकट, चपटे, लांब केसांचे कोळी, तुरुतुरु पळणारे. पाच-सहा पकडून सरांना दिले. शनिवारी निरोप आला, तोच.

आईला सांगितलं. ती वांगं तोडत म्हणाली, "मग तू विकत काय आणलंस?"

१२,००० रुपये. कुरिअर वेगळं. पॉलिहाऊसपासून वांगी चाळीस पावलांवर.

थोडं डोकं थंड झाल्यावर हेही लिहायला हवं की वांग्यावर पानाला एक-दोन कोळी होते. दहा गुंठे गुलाबाला सुरुवातीला तेवढे पुरत नाहीत. दहा-वीस लाल कोळ्यांमागे एक तरी परभक्षी हवा. पॉलिहाऊसला जाळी आहे, आत ते स्वतःहून चालत येणार नाहीत. दोन हजार एकदम हवे तर कोणीतरी वाढवायला लागतात आणि त्याचे पैसे पडतात, कबूल. पण लेबल? ते चुकीचंच. त्या नावावर ते पैसे घेतात.

आता मी घेवड्याचे सहा ट्रे लावलेत. घेवड्यावर आधी लाल कोळी वाढवायचा, मग वांग्यावरची पानं त्यात ठेवायची. उबेत अंड्यापासून प्रौढ व्हायला पाच-सहा दिवस पुरतात. ट्रे पॉलिहाऊसपासून लांब ठेवा, माझा पहिला ट्रे जवळ होता आणि लाल कोळीच आधी आत पोचला.

तारे तीन. कोळ्याला पाच, बाटलीला एक, आईच्या वांग्यांना देता येत नाहीत. काल विक्रेत्याने अखेर मेलेल्या बाटलीच्या बदली नवीन पाठवली, बर्फाच्या पिशवीसकट. कोळी जिवंत आहेत. लेबल तेच आहे. वीसेक काढून महाविद्यालयात दिलेत, केस मोजायला.