शिशाचा आकडा पटला, आर्सेनिकचा पुन्हा मागवावा लागला

आमच्या लाल वाइनमधील शिसे, आर्सेनिक आणि कॅडमियम मोजून घेण्यासाठी आम्ही एका खासगी प्रयोगशाळेची सेवा घेतली. तेथे मोजणी आयसीपी-एमएस यंत्रावर होते. आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, नमुन्यातील अणूंचे आयन (विद्युतभारित अणू) बनतात आणि वस्तुमानानुसार वेगळे होऊन मोजले जातात.

नमुने पाठवण्याची व्यवस्था चोख होती. आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या दुहेरी पिशवीत आल्या आणि बुचावरचे आवरण काढल्यानंतर बाटलीचे तोंड ओल्या कापडाने पुसूनच वाइन ओतावी, अशी सूचना सोबत होती. (जुन्या बाटल्यांवर शिशाच्या पत्र्याचे आवरण असे, हे लक्षात घेतले तर ही सूचना मुळीच अतिरेकी वाटत नाही.) परीक्षा म्हणून आम्ही एकच वाइन दोन निरनिराळ्या क्रमांकांनी पाठवली होती. तिच्यातील शिसे लिटरमागे १८ आणि १९ मायक्रोग्रॅम असे आले. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०१९ च्या हंगामापासूनच्या वाइनसाठी ठरवलेली मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे.

आर्सेनिकचा ११ हा आकडा मात्र खटकला. विचारणा केल्यावर कळले की वाइन दहापट पातळ केली होती, पण मानक द्रावणे, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून नमुन्याचा आकडा काढतात ती ज्ञात प्रमाणाची द्रावणे, नुसत्या नायट्रिक आम्लात बनवलेली होती. पातळ केल्यावरही नमुन्यात एक टक्क्याहून अधिक अल्कोहोल उरते, त्यातील कार्बनमुळे प्लाझ्मात आर्सेनिकचे आयनीभवन वाढते आणि आकडा फुगतो. मानक द्रावणांत तेवढेच इथेनॉल (वाइनमधले हेच अल्कोहोल) घालून केलेल्या फेरमोजणीत ७ आले. आर्सेनिकची मर्यादा २०० असल्याने निष्कर्ष बदलला नाही, तरीही अशी चूक ग्राहकाने दाखवून द्यावी लागणे शोभणारे नाही. फेरमोजणीचे शुल्क त्यांनी घेतले नाही आणि यंत्राच्या मूळ नोंदीही विनातक्रार पाठवल्या, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी तक्रार अहवालाच्या मांडणीविषयी आहे. कॅडमियमपुढे सरळ ‘शून्य’ लिहिले होते. यंत्राला सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे होत नाही. तेथे ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ असे लिहून ती मर्यादा, म्हणजे यंत्राला खात्रीने ओळखता येणारे किमान प्रमाण, किती हेही द्यायला हवे होते.

पुढच्या हंगामाचे नमुने आम्ही येथेच पाठवू, मात्र मानक द्रावणांत इथेनॉल असावे आणि शोधमर्यादा अहवालात छापावी, या दोन अटी मागणीपत्रावरच लिहून.