जुलैत ठाण्याची भिंत कोरडीठाक! ओलीच्या सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

पाचपैकी तीन स्टार. पहिल्या महिन्यात एकच दिला असता. कंपनीचं नाव घेत नाही, सपोर्टशी वाद अजून चालू आहे. भिंतीतल्या उष्णतेचं आणि ओलाव्याचं गणित एकत्र, तासातासाने सोडवणारं, ईएन १५०२६ या युरोपियन मानकावर चालणारं सॉफ्टवेअर, एवढं सांगितलं की कळणाऱ्यांना कळेल.

वाद हवामानाच्या फाइलमधल्या एका रकान्याचा, पावसाच्या. घोडबंदर रोडच्या टॉवरची पश्चिमेची भिंत सॉफ्टवेअरमध्ये टाकली: बाहेर २० मिमी प्लास्टर, मध्ये २०० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, आत जिप्सम. वर्षभर चालवली, तर जुलैत प्लास्टर कोरडं! तिकडे खऱ्या भिंतीला आतून फुगे आणि पोपडे. गणित सोडवणाऱ्या सॉल्व्हरला शिव्या घालण्याआधी हवामानाची फाइल उघडा. या ईपीडब्ल्यू फाइली (तासातासाच्या हवामानाच्या नोंदी) एसीचा लोड काढायला बनलेल्या. त्या हिशेबात पाऊस लागत नाही, म्हणून तो रकाना बहुधा शून्य, नाहीतर ९९९. सॉफ्टवेअर मुकाट्याने शून्य धरतं, साधा इशारासुद्धा देत नाही. सपोर्टचं उत्तर तीनदा तेच: 'इनपुट तपासा.' एवढे पैसे मोजून शेवटी तपासायचं आपणच.

तासाचा पाऊस स्वतः भरा. दिवसाचा आकडा चोवीसने भागू नका. १२० मिमी सारखा वाटला तर तासाला ५ मिमी होतो. त्याला वारा ४ मी./से. आणि गुणांक ०.०७ (वाऱ्याने किती पाऊस भिंतीवर येतो तो) यांनी गुणलं की भिंतीवर तासाला १.४ लिटर प्रति चौ. मी. पाणी पडतं. त्यातलं ७० टक्के टिकतं, म्हणजे जेमतेम एक लिटर, आणि प्लास्टर ते आरामात पितं. तेच ३० मिमीची सर आली तर जवळपास सहा लिटर. ०.०३ शोषण-गुणांकाचं (पाणी किती झपाट्याने ओढतं तो आकडा) प्लास्टर पहिल्या तासात १.८ लिटरच ओढतं, बाकीचं ओघळून जातं. आणि हो, ०.०७ हा बुटक्या इमारतीचा आकडा. टॉवरच्या वरच्या मजल्यांना ०.२ टाका.

मटेरियल लायब्ररीत जर्मन विटांची रेलचेल. नौपाड्यातल्या जुन्या नऊ इंची भिंतीला त्यातली कुठलीही उचलून लावू नका, वीट भिजवून बघा. ओव्हनमध्ये १०५ अंशांना वजन थांबेपर्यंत वाळवा, बाजूंना मेण लावा, २३० × ११० मिमीची बाजू ५ मिमी पाण्यात ठेवा. ५, २०, ६० मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपून वजन घ्या. तासात ३०४ ग्रॅम वाढलं तर १२ किलो प्रति चौ. मी., त्याला ६० ने (३६०० सेकंदांचं वर्गमूळ) भागलं की शोषण-गुणांक ०.२. किचनचा एक ग्रॅमवाला काटा पुरतो, लॅबचं बिल वाचतं.

सॉफ्टवेअरमध्ये एएसीची सुरुवातीची ओल ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरलेल्या ब्लॉकइतकी धरलेली असते. कारखान्यातून ताजा आलेला ब्लॉक वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी घेऊन येतो. घनता घनमीटरला ६०० किलो असेल तर २०० मिमी भिंतीत चौ. मीटरला ३६ लिटर! हे बदललं नाही तर पहिली दोन वर्षं खोटीच दिसणार.

एवढं भरल्यावर मात्र माझं मत फिरलं. बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता, आत एसी २४ वर आणि आर्द्रता ५५ टक्के. बाहेरच्या बाष्पाचा दाब ३३२५ पास्कलच्या आसपास, आतला १६४०. म्हणजे इथे बाष्प आत ढकललं जातं, आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो) २६ अंशांच्या जवळ, आतल्या भिंतीच्या तापमानाच्या वर. विनाइल वॉलपेपरच्या मागे बुरशी का धरते, हे आलेखात तासागणिक दिसतं. युरोपच्या थंडीसाठीचा 'बाष्परोधक (बाष्प अडवणारा थर) आतून' हा सल्ला इथे उलटा पडतो, आणि हे ग्लेझरच्या हातगणितात (ओल मोजायची जुनी, सोपी पद्धत) पावसासकट बसवता येत नाही.

भेगेतून शिरणारं पाणी सॉफ्टवेअर आपणहून धरत नाही. ब्लॉकच्या बाहेरच्या तोंडाशी भिंतीवरच्या पावसाचा १ टक्का स्रोत म्हणून टाका. सर आली की गणित अडखळतं. प्लास्टर-ब्लॉकच्या सांध्यावर गणिताची जाळी (भिंतीचे पाडलेले तुकडे) बारीक करा आणि दोन्ही पाणी-ताळेबंद (आत-बाहेर गेलेलं पाणी आणि भिंतीत वाढलेलं पाणी) जुळतात का ते बघितल्याशिवाय आलेख कुणाला दाखवू नका. लायसन पुढच्या वर्षी घेईन, पण एकाच सीटचं.