रिओचं भाषण की शाळेमागचा ओढा?

आठवी-नववीच्या इंग्रजीच्या तासाला पर्यावरण घ्यायचं तर दोन वाटा दिसतात. एक तयार साहित्याची: भाषणं, चित्रफिती, उतारे. दुसरी, मुलांना घेऊन शाळेबाहेर पडायचं आणि जे दिसेल त्यावर इंग्रजीत बोलायचं-लिहायचं. पहिल्या वाटेनं मी चार वर्षं गेलो, दुसरीवर आता तीन वर्षं आहे. शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची, वर्गात 43 मुलं. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

तयार साहित्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. 1992 साली रिओच्या वसुंधरा परिषदेत बारा वर्षांच्या सेव्हर्न सुझुकीनं केलेलं भाषण मी दरवर्षी ऐकवायचो. वाक्यं सोपी, बोलणारी जवळजवळ यांच्याच वयाची. मागच्या बाकावरची पोरंही कान टवकारायची. 35 मिनिटांच्या तासात सगळं बसतं, वर ऐकण्याचा सराव फुकटात.

घोडं अडलं ते वह्यांपाशी. भाषणावर दहा ओळी लिहा म्हटलं की 43 वह्यांत एकच मजकूर: ‘वुई शुड प्लांट ट्रीज. वुई शुड सेव्ह वॉटर. वुई शुड नॉट यूज प्लास्टिक.’ राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे आणि हे लिहिणाऱ्याचा डबा दप्तरातून निघतो तो कॅरीबॅगेत, ते एक सोडा. मला खुपायचं वेगळंच. त्या वह्यांत चूकच सापडायची नाही. वाक्य पाठ असतं, मुलानं स्वतः बनवलेलं नसतं, मग चुकणार कुठून? रविवारी लाल पेन घेऊन बसायचं आणि नुसत्या बरोबरच्या खुणा करून उठायचं. पर्यावरणही झालं नाही आणि इंग्रजीही.

ओढ्यावर गेलो तो या वैतागातून. पहिल्याच फेरीत एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. आपल्याला ते ‘टिटीव टिटीव’ वाटतं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यात ‘डिड ही डू इट?’ ऐकलं, असं मी सहज सांगून गेलो. ‘डिड’ आला की पुढे क्रियापद मूळ रूपात, हे फळ्यावर लिहून लिहून मी दमलो होतो, तरी ‘डिड ही वेन्ट’ काही सुटत नव्हतं. आता कुणी तसं बोललं की वर्गातूनच टिटवी ओरडते.

गाजर गवताचंही तसंच झालं. मुलं त्याला काँग्रेस गवत म्हणतात. ते 1950च्या दशकात पुण्यात नजरेस आलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात, एवढं सांगितल्यावर ‘इट वॉज फाउंड’, ‘इट वॉज ब्रॉट’ कशासाठी लागतं हे वेगळं समजवावं लागलं नाही. वह्यांत चुका मात्र भरपूर. एकानं लिहिलं, ‘वॉटर इज स्मेलिंग बिकॉज टँकर इज वॉश हियर.’ लाल पेनाला काम मिळालं. आणि ओढ्यात टँकर धुतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

त्रास आहेच. दहा मिनिटं जाण्यायेण्यात जातात, बाहेर पडलं की मुलं सरळ मराठीत शिरतात, मुख्याध्यापकांची परवानगी आणि सोबतीला एक सहकारी दर वेळी शोधावा लागतो. वर्गात सत्तर मुलं असतील, वाटेत हमरस्ता असेल किंवा वार्षिक परीक्षा तोंडावर असेल तर मीसुद्धा मुकाट भाषणच लावीन. खरं तर ते मी टाकलेलं नाही. हल्ली ओढ्यावरून आल्यानंतरच्या आठवड्यात ऐकवतो, आणि त्यावर लिहिताना ‘शुड’ वापरायला बंदी.

जाणार असाल तर एवढं सांभाळा: साधारण मार्च ते ऑगस्ट टिटवी उघड्यावरच, खड्यांमध्ये अंडी घालते आणि ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. पोरांना पायवाट सोडू देऊ नका.