चांदीची सर्स चिप: कारखान्याच्या सांडपाण्याला पास, नदीला काठावर

चांदीच्या नॅनोखांबांची सर्स चिप (सर्स म्हणजे चांदीच्या पृष्ठभागावर रेणूचा रामन संकेत वाढवून तो ओळखण्याचं तंत्र), ७८५ नॅनोमीटर लेसरचा हातातला रामन मीटर (विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट मोजणारा) आणि 'काही मिनिटांत प्रतिजैविकं ओळखा' ही जाहिरात. मिनिटांत होते ती फक्त मोजणी. नमुना तयार करायला अर्धा दिवस लागतो.

२००७ साली हैदराबादजवळ पटनचेरूच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळलं होतं. असल्या पाण्यात चिपवरची जागा पटकन भरते, म्हणून आधी ते शंभरपट पातळ करावं. जिवाणूंमध्ये प्रतिरोध वाढू नये म्हणून सुचवलेली पातळी मात्र लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. तिथे थेंब थेट चिपवर टाकून काही हाती लागत नाही.

नदीच्या पाण्यासाठी रीत अशी: नमुना तपकिरी बाटलीत घ्या, कारण हे औषध उजेडात तुटतं. ५०० मिली गाळून सामू ३ करा आणि ०.२५ ग्रॅम ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घाला, नाहीतर कॅल्शियम-मॅग्नेशियम औषधाला धरून बसतात. एचएलबी कार्ट्रिजमधून (पाण्यातलं औषध धरून ठेवणारी भरलेली नळी) सावकाश सोडा, ६ मिली मिथेनॉलने उतरवा, नायट्रोजनखाली सुकवा आणि सामू ७ च्या ०.५ मिली पाण्यात विरघळवा. हजारपट सांद्रता मिळते, अर्थात कार्ट्रिजमधून औषध पूर्ण उतरलं तर. आम्लात मोजू नका. वर्णपटातलं १३९० प्रति सेंटिमीटरचं मुख्य शिखर औषधाच्या कार्बोक्झिलेट गटाचं आहे, ते दबतं.

घोळ होतो ह्यूमिक आम्लामुळे, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात येणाऱ्या पदार्थामुळे. तेही हजारपट होतं, चांदीवर जागा अडवतं आणि नेमकं १३०० ते १६०० प्रति सेंटिमीटरमध्ये पसरट उंचवटा देतं. त्यामुळे शुद्ध पाण्यात बनवलेला प्रमाण आलेख वापरून आकडा काढला तर तो चुकू शकतो. त्याच अर्कात ठरावीक सिप्रोफ्लॉक्सासिन वाढवत नेऊन आकडा काढा. थेंब सुकू दिला तर औषध कडेला गोळा होतं. चिप अर्कात अर्धा तास बुडवा, धुवा आणि निदान १० जागी मोजा.

एन्रोफ्लॉक्सासिन (त्याच गटातलं दुसरं प्रतिजैविक) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचे वर्णपट इतके जवळचे आहेत की अहवालात 'फ्लुरोक्विनोलोन गट' एवढंच लिहावं, नाव ठरवायला एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र) हवंच.

खरेदी करताना उत्पादनाची तारीख आणि एकाच चिपवरच्या जागांमधला फरक किती टक्के, हे लेखी मागा. २० टक्क्यांच्या वर असेल तर घेऊ नका. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून पाकीट फोडलं की त्याच दिवशी चिप वापरा. सिलिकॉनचं ५२० प्रति सेंटिमीटरचं शिखर जागेवर आलं म्हणजे मीटर ठीक आहे एवढंच कळतं, चिप ठीक आहे असं नाही.